डावखुरा हवाय म्हणून माजिवड्याला

सायलीचा मेसेज आला, "डावखुरा माणूस हवाय. येशील?" भांडणानंतर आमचं बोलणं बंदच होतं. ती वाचा-उपचाराचा कोर्स संपवतेय, मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून बसलोय. बोलताना मेंदूची कुठली बाजू जास्त राबते, हे ती मोजते. मला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तिला एकदाचं सांगायचं होतं, की ती मला आवडते.

तिची लॅब ठाण्यात, माजिवड्याला. डोंबिवली पश्चिमेहून बाइकने जाणार असाल तर माणकोलीचा पूल धरा, शिळफाट्याच्या नादी लागू नका. पुलावर खाडीचा वारा मस्त, पुढे हायवेला मात्र भिवंडीचे कंटेनर. शंभराच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं. माजिवड्याला मिसळ खाल्ली. चाचणीआधी चहा घ्यायचा नाही, असं सायलीने बजावलेलं.

लॅबमध्ये तिच्या मॅडमनी विचारलं, "जेवतोस कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"मग डावखुरा कसला?"

माझी सटकली. "प्रसादाला डावा हात पुढे केला की आई फटका द्यायची! तुमच्याकडे नव्हतं असलं?"

"मॅडम, बॅट, ब्रश, दगड, सगळं डाव्याने," सायली म्हणाली. "मी बघितलंय."

"बरंच बघितलंयस गं!"

दोन्ही कानशिलांवर थंडगार जेल, त्यावर सोनोग्राफीचे छोटे प्रोब, वरून पट्टा. पडद्यावर अक्षर आलं की त्यावरून शब्द मनात जमवायचे, खूण झाली की बोलायचे. मग पडदा रिकामा. तेव्हा डोकंही रिकामं ठेवायचं. मी त्या रिकाम्या वेळात तिला काय सांगायचं त्याची तयारी करत होतो.

सायलीने थांबवलं. "शब्द आणि विश्रांती, फरकच दिसत नाहीये. तू मनात बोलतोयस ना?"

मी टरकलो. "काय बोलतोय ते दिसतं?"

"नाही रे बाबा. रक्त कुठे जास्त धावतं, तेवढंच. पण तू गप्पच बसला नाहीस तर मी तुलना कशाशी करू?"

"सोडून दे, दुसरा बघ," मॅडम म्हणाल्या.

"दुसरा कुठून आणू, मॅडम?" तिचा आवाज बारीक झाला.

एरवी मी पट्टा काढून चालता झालो असतो. म्हटलं, "परत घे." या वेळी पडदा रिकामा झाला की एसीची घरघर ऐकत बसलो. वाक्य जुळायला लागलं की सोडून द्यायचो. जमलं. तिच्या कॉम्प्युटरवर मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या रेषा फाकल्या तेव्हा ती स्वतःशीच "येस" म्हणाली.

खाली टपरीवर तिने विचारलं, "मघाशी मनात काय चाललेलं?"

सांगितलं. तयार केलेलं भाषण आठवलंच नाही. तीन-चार शब्दांत उरकलं.

ती चहाचा ग्लास फिरवत राहिली. "ऐकलं. पण लगेच उत्तर मागू नकोस. मागच्या वेळी भांडताना तू मला बोलूच दिलं नव्हतंस."

बरोबर होतं तिचं.

तर जाणार असाल तर डोक्याला तेल लावू नका, प्रोब सरकतो. मी संध्याकाळच्या आत घरी पोचलो, केस दोनदा धुतले. आईने विचारलं, काय मोजलं? म्हटलं, बोलणं. फोन समोर पडलाय. सायलीला लिहिण्यासारखं खूप सुचतंय आणि मी काहीच पाठवत नाहीये. तिला विचार करायचाय. तिच्या त्या वेळात माझी बडबड नको.