घंटेजवळच्या कोळशाच्या रेघा

हुमनाबादच्या आमच्या शाळेतला चपराशी परमुलखातला माणूस दिसला की आधी पाणी द्यायचा आणि मग विचारायचा, "तुमच्याकडं पोरं शाळंत किती येळ बसत्यात?" उत्तर मिळालं, की घंटेजवळच्या भिंतीवर कोळशानं तेवढी लांब रेघ ओढायचा. सोलापूरच्या व्यापाऱ्याची रेघ आमच्या निजामी शाळेसाठी त्यानं आधीच ओढलेल्या रेघेहून बोटभर मोठी निघाली, आणि विलायती डॉक्टरीणबाईंची तर चांगली वीतभर. त्या दिवसापासून सुट्टीची घंटा उशिरा होऊ लागली. पोरं कुरकुरली, मीही रागावलो.

"मास्तर, आपली पोरं कामून मागं ऱ्हावीत?" एवढंच म्हणून तो रेघांकडं बोट दाखवायचा.

मग एकदा हिंग विकणारा काबुली आला. "आमची पोरं मेंढरं राखतात, शाळा कुठली?" म्हणाला. चपराशी बराच वेळ कोळसा हातात धरून उभा राहिला आणि शेवटी त्यानं भिंतीवर नुसता ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना संपली आणि लगेच सुट्टीची घंटा झाली. मी धावत बाहेर येईपर्यंत पोरं पसार झाली होती.

"अहो, हे काय करायलाव?"

"चार महिने विलायतेत बसली की, मास्तर," तो शांतपणे म्हणाला. "एक दिस काबुलात बी जाऊ द्या."