बिनफोनच्या घरातलं गाऱ्हाणं

आधीच सांगते — भूत, करणी, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. कोरेगावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दिवस जातो तो ओटीपी, सर्व्हर डाऊन आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड यात. कुणी म्हणालं की फोनमधून चमत्कारिक आवाज येतो, तर मी आधी स्पीकर साफ करून बघते. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मला जे व्हायला हवं होतं ते झालंय, त्यामुळे माझं काही बिघडत नाही.

माझं माहेर पुसेगावच्या रस्त्याला, थोडं आत. घरटी एक माणूस लष्करात असलेलं गाव. माझे वडील, आबा, नाईक म्हणून रिटायर झाले आणि धाकटा भाऊ संदीपही भरती झाला. आबांची एक खोड होती. संदीप सुट्टी संपवून निघाला की आम्ही सगळे फाट्यापर्यंत जायचो, आणि आबा गोठ्यापाशी आमच्याकडे पाठ करून दावं वळत बसायचे. एकदाही त्यांनी वळून बघितलं नाही. फौजीच्या बापानं रडायचं नाही, आणि रडलाच तर दाखवायचं नाही.

आईची खोड वेगळी. औंधची यमाई आमची कुलदेवी. दिवेलागणीला आई देव्हाऱ्यात दिवा लावणार आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालणार — म्हणजे मनातलं सगळं देवीला बोलून सांगणार. त्यात संदीप सध्या कुठे आहे, तेही सांगायचं. आबा नोकरीत असतानाही ती हेच करायची. गावातल्या बहुतेक फौजींच्या आया-बायका करतात. मी चेष्टा केली की म्हणायची, "औंधाच्या डोंगरावरनं तिला एवढं लांबचं कसं दिसंल गं? पत्त्या सांगाय नको?"

मग व्हॉट्सॲप आलं. आई, मी, संदीप आणि त्याची बायको रूपाली, असा आमचा चौघांचा ग्रुप. आई रोजचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करून तिथे टाकायला लागली, संदीपला ऐकायला मिळावं म्हणून. "आई यमाई, माजं लेकरू थंडीच्या मुलखात, मोठ्या नदीच्या अलीकडं टेकाडावर हाय. संगं कराडकडची दोन पोरं हायत. तिगांवरबी पदर घाल."

हे कुणीतरी ऐकत होतं.

जवानानं आपलं ठिकाण घरी सांगू नये, हे मला मान्य आहे. संदीपचं चुकलं. त्याला बोलवा, झापा, शिक्षा करा. पण ऐकणारे तेवढ्यावर थांबले नाहीत.

तेव्हा आबांचं लिव्हर पार कामातून गेलं होतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. संदीपची रजा मंजूर झाली, तिकीट निघालं... आणि घरी दोन माणसं आली. साध्या कपड्यांत, बरोबर गावचे पोलीस पाटील. मी त्या दिवशी घरीच होते. दोघांतला मोठा साहेब हिंदी बोलणारा. अंगणात खुर्ची टाकून बसला आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. आईचं गाऱ्हाणं त्यानं वाजवून दाखवलं आणि विचारलं, "ये लोकेशन किसको दे रही हैं?"

आईनं देव्हाऱ्याकडे बोट केलं.

साहेब हसला. मग त्यानं दुसरी फाइल लावली. रूपालीनं संदीपला पाठवलेला व्हॉइस मेसेज — ग्रुपवरचा नाही, फक्त त्याला पाठवलेला. नवरा-बायकोतलं बोलणं. त्यात काय होतं ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. अंगणात सासू-सासरे, पोलीस पाटील, कुंपणापलीकडे शेजारीपाजारी... आणि रूपाली चहाचा ट्रे घेऊन दारात. आबांना धड चालता येत नव्हतं. ते उठले, भिंतीला धरत गोठ्यापर्यंत गेले आणि पाठ करून बसले. मी ओरडले, "बंद करा ते!" साहेबानं शेवटपर्यंत वाजू दिलं. "कोड वर्ड हो सकता है, मॅडम," म्हणाला.

जाताना आईचा आणि रूपालीचा फोन घेऊन गेले. संदीपची रजा रद्द झाली, चौकशी लागली. त्या दिवसापासून रूपाली बोलायची थांबली. कामं करायची, आबांचं सगळं बघायची, पण विचारल्यावर मान हलवण्यापलीकडे काही नाही. मला त्या साहेबाचं तोंड आठवलं की हात शिवशिवायचे. आजही शिवशिवतात.

त्या संध्याकाळी आईनं दिवा लावला. मला वाटलं, रडेल. तिचा आवाज एवढासुद्धा हलला नाही. "आई यमाई, माज्या लेकराचा पत्त्या आता मला ठावं न्हाई. पर जो आमचं ऐकतोय, त्येचा पत्त्या तुला लागंल. त्येच्या कानात जाऊन बस. त्येला लय हौस हाय न्हवं? मग समदं ऐकू दे. मी सांगंपतुर त्येचं कान मिटू न्हयेत."

त्यानंतर रोज हेच. घरात तेव्हा एकही फोन नव्हता, हे नीट लक्षात ठेवा. आबांचा साधा फोन बॅटरी फुगून कधीच मेला होता. माझा फोन माझ्याजवळ कोरेगावात.

आबा गेले ते असंच एका दिवेलागणीला. आई देव्हाऱ्यापुढे होती, रूपाली म्हशीची धार काढत होती. आई म्हणते, मागे खाटेवर ते काहीतरी पुटपुटले. तिनं वळून बघेपर्यंत संपलं होतं. शेवटचं काय बोलले ते कळलं नाही, हे तिच्या जिवाला फार लागलं. संदीपला सोडलं नाही. अग्नी मी दिला.

काही महिने गेले. एक दिवस दुपारी मी माहेरी असताना एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, दोन्ही कानांत कापूस.

"आवं ताई, म्या सांगलीकडचा, तासगाव बाजूचा," तो म्हणाला. "तुमच्याकडं आलेल्या सायबांच्या हापिसात फौजेतल्या मराठी पोरांचं फोन ऐकायचो. ऐकायचं आन् इंग्रजीत लिवून द्यायचं. तुमच्या घरचं मीच ऐकलं."

आपल्याच पाण्याचा माणूस! तरीच आईची बोली त्यांना कळली. मी सरळ अंगावर धावून गेले. आईनं मला अडवलं.

तो सांगायला लागला. फाइल बंद झाली, हेडफोन काढून ठेवले, त्याची दुसरीकडे बदली झाली, तरी दिवेलागण झाली की त्याच्या कानात आमचं घर सुरू व्हायचं. आईचं गाऱ्हाणं, म्हैस, भांडी, आबांचा खोकला. दोन डॉक्टर झाले. कापूस, गोळ्या, काही चालेना. "मावशी, तुमी रोज काय म्हनता ते म्हनून दाखवू?" — आणि त्यानं म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द. मध्येच आईला ठसका लागायचा, तोसुद्धा.

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? माइक! घरात काहीतरी बसवून गेलेत. मी टेबलफॅन उघडला, स्विचबोर्ड खोलले, मीटरची पेटी बघितली, देव्हारा हलवला, दुकानातल्या पोराला बोलावून कौलांखालीही शोधलं. उंदराच्या लेंड्यांशिवाय काही सापडलं नाही.

तो आईच्या पाया पडायला वाकला. आईनं पाय मागे घेतले.

"सोडवा मावशी. मला कामावर सांगितलं ते केलं."

"सुनंचं बोलणं लिवून देताना हात अडला न्हाई व्हय रं तुजा?"

त्यानं रूपालीकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मग तो हळूच म्हणाला, "आबा गेलं तवा काय बोललं, त्येबी ऐकलंय म्या."

आई भिंतीला टेकली. मला वाटलं, आता विचारेल. मी तर विचारणारच होते. आईनं हात वर करून मला गप्प केलं.

"मला सांगू नगंस," ती त्याला म्हणाली. "ते ज्येचं हाय त्येला नेऊन दे. तू माज्या लेकराचं चोरून ऐकलंस न्हवं? आता त्येच्या म्होरं हुबा ऱ्हा, आपलं नाव सांग आन् त्येच्या बापाचं बोलणं त्येच्या हातात दे. मग मी दिव्याम्होरं तुजं सोडीन."

"नोकरी जाईल, मावशी."

"जाऊ दे की."

तो गेला. मी म्हटलं, हा कसला जातोय संदीपकडे.

पण गेला! आठवड्याभरानं दुकानात संदीपचा फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. रडत रडतच सांगत होता. तो माणूस त्याला भेटला होता, सगळं कबूल केलं होतं, आणि आबांचे शब्द सांगितले होते — "संद्या, बघ... ह्या बारीला म्या पाठ केली न्हाई. तुज्याकडंच बघतोय."

संदीप निघाला की आबा पाठ करून बसायचे, ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. ती आम्ही कधी लिहिली नाही, रेकॉर्ड केली नाही, फोनवर बोललो नाही. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिली. "त्येंचंच हाय," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं त्या माणसाचं सोडलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाच्या नंबरवर मेसेज आला, "बंद झालं." पुढे कळलं, त्यानं नोकरी सोडली.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? एवढ्यात सोडलं? आणि तो लॅपटॉपवाला साहेब? तो तर अजून खुर्चीवर आहे, कुणाचं तरी ऐकतोय. चौकशीत काही निघालं नाही, पण संदीपची कुणी साधी माफीही मागितली नाही.

मी हे तणतणत होते तेव्हा रूपाली भाकरी थापत होती. ती उठली, हात धुतले, आईच्या हातातला दिवा घेतला आणि देव्हाऱ्यापुढे बसली. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. "आई यमाई, अंगणात बसून ज्यानं माजं वाजवलं आन् हसला, त्येचा पत्त्या घे..." पुढचंही मी ऐकलं. ते इथे लिहीत नाही. आईनं तिला थांबवलं नाही. मी तर मुळीच नाही. त्या दिवसापासून दिवा रूपालीच लावते. आता ती आमच्याशी बोलते, शेजारणीशी भांडतेसुद्धा.

मागच्या महिन्यात दुकानात अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला, पण आता तो पार घोगरा झाला होता.

"मॅडम... आपके घर की वो औरत... रोज शाम को... वो क्या बोलती है? मुझे मराठी नहीं आती. कोई समझाता भी नहीं. प्लीज बता दीजिए."

मी काउंटरवरच्या गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं. खुर्चीवर नीट बसले.

"साहब," मी म्हटलं, "वो उसकी प्राइवेट बात है."

आणि फोन ठेवला. हे सगळं कसं होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. फोन त्यानंतरही येतात, बहुतेक दिवे लागल्यावर. मी उचलत नाही.