आंबोळ्या संपेपर्यंत

नंदाताई टिकेकरांचा जन्म इथिओपियातला, हे सिंगापूरच्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. पण त्याचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गणपतीत एखादी नवी सून भेटली की हटकून विचारायची, "म्हणजे तिकडे दुष्काळ ना?" नंदाताई हो म्हणायच्या. दुष्काळ त्यांनी पाहिला होता. देस्से गावात शाळेच्या रस्त्याला माणसं नुसती बसून असायची, हातसुद्धा पुढे करायची नाहीत. पण मोदकाचं ताट हातात घेऊन हे कसं सांगणार? मग त्या तिकडच्या कॉफीबद्दल बोलायच्या. कॉफी सगळ्यांना चालते.

वडील रवींद्र मास्तर. सम्राटाच्या राज्यात भारतातून शिक्षक बोलवायचे, त्यांतले एक. मुलगी घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत अम्हारिक बोलत वाढली. मग सम्राट गेला, लष्कर आलं, वरच्या वर्गांतली मुलं सरकारनं खेड्यापाड्यांत धाडली. शाळा ओस पडली आणि मास्तर मुलीला घेऊन पुण्याला परतले. पुण्यानं आठवडाभरात तिचं नाव 'आफ्रिका' ठेवलं. असल्या कामांत पुण्याचा हात कोण धरणार?

आई मात्र देस्सेलाच वारली होती, नंदाताई अकरा वर्षांच्या असताना. ती दुपारी गेली, पण मुलीला त्या दिवशी कुणी काही सांगितलं नाही. शेजारणींनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. सकाळी पोटभर खाऊ घातलं, मग गल्लीतली म्हातारी माणसं येऊन ओळीनं बसली आणि त्यांनी सांगितलं. सांगताक्षणी सगळी गल्ली रडायला लागली, आणि तीही त्यांच्यात रडली. मरणाची बातमी अशी द्यायची, ही तिकडची रीत. तिला मर्दो म्हणतात.

पुढे कितीतरी वर्षांनी नंदाताईंचे यजमान प्रतापराव गेले, पुण्याच्या हॉस्पिटलात. कॉरिडॉरमधून जाता जाता डॉक्टर म्हणाला, "सॉरी, ते गेले." नंदाताईंच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यांना रडू आलं नाही. तेराव्यालाही आलं नाही, नंतर सिंगापूरला मुलाकडे आल्यावरही नाही. सुरुवातीला त्यांना याची लाज वाटायची. पुढे पुढे तीही वाटेनाशी झाली. सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये त्या स्वयंपाक करत, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडत, आणि बरं चाललंय का विचारलं तर बरं चाललंय म्हणत.

हिरुत ही इथिओपियाची पोर त्यांना एलआरटीच्या गाडीत भेटली. फोनवर कुणाशी तरी अम्हारिकमध्ये भांडत होती. भांडण संपल्यावर शेजारच्या नऊवारी नेसण्याच्या वयाच्या, पंजाबी ड्रेसातल्या बाईंनी तिला तिच्याच भाषेत सांगितलं की आईशी असं बोलू नये. पोरीच्या हातातून फोनच पडला. बुओना व्हिस्टाच्या एका संस्थेत ती वनस्पतींवर संशोधन करत होती. इथे तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. तेव्हापासून ती रविवारी जेवायला येऊ लागली. तिच्याकडे आजीच्या वयाच्या बाईंना एमामा म्हणतात, तसं ती नंदाताईंना म्हणायची. नंदाताईंच्या आंबोळ्यांवर तिचा जीव, कारण त्या तिच्याकडच्या इंजेरा नावाच्या धिरड्यासारख्या आंबूस लागायच्या.

दोन हजार सोळा सालच्या एका शनिवारी दुपारी हिरुतच्या थोरल्या भावाचा फोन आला, तो नंदाताईंना. आई गेली, दफनही झालं. तिकडे मृतदेह ठेवत नाहीत, त्यामुळे हिरुत निघाली असती तरी पोचली नसती. फेसबुकवर कुणी काही टाकू नये म्हणून त्यानं साऱ्या गोतावळ्याला तंबी दिली होती. तिला फोनवर सांगायचं नाही, एकटीला सांगायचं नाही. त्यानं विनंती केली, "तिथे आमचं असं तुम्हीच आहात. तेवढा मर्दो करा."

नंदाताई हो म्हणाल्या आणि त्यांनी तांदूळ-उडीद भिजत घातले.

सून ऋचाला हे मुळीच पटलं नाही. पाया लेबारच्या एका कंपनीत ती माणसांच्या तक्रारी ऐकायचं काम करायची, त्यामुळे हक्कांच्या बाबतीत पक्की. "आई, तिची आई गेलीय आणि आपण पीठ आंबवत बसायचं?" ती म्हणाली. "आत्ता फोन करा. तुम्हाला सांगायला जड जात असेल तर मी सांगते." नंदाताईंना जड जात नव्हतं, हीच तर अडचण होती. रीत त्यांना पाठ होती, पण आत हात घालावा तर काही लागत नव्हतं. उद्या आपण नुसतं तोंडदेखलं सांगून बसू, प्रतापरावांच्या डॉक्टरसारखं, आणि ही पोरही आपल्यासारखीच कोरडी राहील, एवढी एकच भीती त्यांना वाटत होती. ती वाटत होती याचंच त्यांना नवल वाटलं.

म्हातारी माणसं हवीत म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावरचे हेमचंद्र आणि सुलेखा यांना बोलावलं. फक्त बसायचं, काही बोलायचं नाही, असं बजावलं. हेमचंद्रांना न बोलण्याचं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. हिरुतला फोन करून नंदाताईंनी सांगितलं की उद्या जरा सकाळीच ये, आंबोळ्या करतेय.

इथेच त्यांची चूक झाली. मराठी पोरीला सकाळी खायला बोलावलं तर ती भूक घेऊन येते. हिरुत दारात आली, सोफ्यावर ओळीनं बसलेली म्हातारी माणसं तिनं पाहिली, आणि चपला काढता काढता थांबली. ज्या रीतीनं बातमी लपवायची, त्याच रीतीनं ती फोडली होती. नंदाताईंना हे तिचा चेहरा पाहिल्यावर कळलं.

पण हिरुतनं दुसरी चप्पलही काढली. आत आली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, टेबलाशी बसली आणि खायला लागली.

पहिली आंबोळी संपली, दुसरी संपली. एरवी दोनांवर हात धुणारी पोर तिसरी मागत होती. चौथी तिनं बोटाएवढे तुकडे करून खाल्ली. "भूक लागलेली दिसतेय पोरीला," हेमचंद्रांना राहवेना. सुलेखांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ऋचा ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "आई, पुरे आता. सांगून टाका."

"खाणं झाल्याशिवाय सांगत नाहीत," नंदाताई म्हणाल्या. "तिला माहीत आहे ते."

ऋचानं टेबलाकडे पाहिलं. हिरुत चावत होती. गिळवत नव्हतं तरी चावत होती. ती खातेय तोवर कुणी गेलेलं नव्हतं. नंदाताई आंबोळ्या घालत राहिल्या, आता लहान लहान, पीठ पुरवून. शेवटी पातेल्यात काही उरलं नाही. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि पोरीशेजारी जाऊन बसल्या.

"कोण?" हिरुतनं विचारलं.

"आई."

हिरुतनं मान हलवली. रीतीप्रमाणे आता वडीलधाऱ्या बाईनं पहिला टाहो फोडायचा, मग बाकीच्यांनी. नंदाताईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. हिरुत त्यांच्याकडे वाट पाहत बघत होती, तिचेही डोळे कोरडे ठाक. दोघी एकमेकींचा हात धरून तशाच बसल्या.

तेवढ्यात ओट्याशी ऋचा रडायला लागली. नाशिकला तिची आई एकटी राहायची. ती अशी रडत होती की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलेलं ऐकू आलं. अंकुर, नंदाताईंचा मुलगा, इतका वेळ कोपऱ्यात उभा होता, तो गडबडून बायकोला म्हणाला, "अगं, तू काय? तिच्यासमोर तरी आवर."

हिरुतनं अंकुरकडे पाहिलं आणि अम्हारिकमध्ये काहीतरी म्हणाली. मग नंदाताईंचा हात दाबला, सांगा म्हणून.

नंदाताईंनी मुलाला मराठीत सांगितलं, "ती म्हणतेय, हिला थांबवू नकोस. माझ्या आईसाठी कुणीतरी रडतंय."