नाव घातलेलं भांडं

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठाऊक आहे मला. तरी मी बोलणार आहे, कारण गेलेला माणूस माझा सख्खा थोरला भाऊ होता आणि तेवढा हक्क मला आहे.

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मागच्या अंगणात चिंच-राख लावून भांडी घासत होते. शेजारची यमुना धावत आली. "गोदाक्का, हात धू वं... तुहा दादा गेला." हात कसले धुते! तशीच राखेच्या हातांनी शुक्रवारी नावाच्या तलावाकडच्या त्याच्या घरी पळाले. त्या दिवशी मी रडले ती पोटातून रडले. आज दीड महिन्यानं त्या रडण्याचाच मला राग येतो.

दादा रामटेकच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर हजेरी-कारकून होता. शनिवारी घरी यायचा तेव्हा धोतर काळं झालेलं असायचं, आणि खिशातून एखादा जड काळा दगड काढून तो माझ्या हातावर ठेवायचा. "वजन पाहा, गोदे. पोलादात हे पडल्याबिगर तोफ होत नाही." मग मंदी आली. खाण बंद पडली. काढलेल्या दगडांचे ढीग रुळांशेजारी तसेच पडून राहिले, आणि ज्या बाया ते टोपल्यांनी वाहायच्या त्या घरातलं एकेक भांडं घेऊन बाजारात बसल्या. ज्या घरात पाणी भरायची पितळेची एक गुंडी होती ते घर तगलं, ज्या घरात नुसती मडकी होती ते गाव सोडून गेलं, असं दादा सांगायचा. तो तेव्हा खोटं बोलत नव्हता, एवढं मी आजही मानते.

लढाई सुरू झाली आणि खाण पुन्हा धडाक्यात चालू लागली. मालगाड्या भरभरून जायच्या. एका रविवारी माझ्या ओसरीवर चहा पिता पिता दादा म्हणाला, "सरकार धातू साठवून राहिलं, गोदे. आपण काहून नाही साठवत? दाणा किडते, कापड कुसते. तांबं-पितळ नातवंडांपर्यंत तसंच राहते." त्याची योजना सरळ होती. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरानं एकेक मोठं भांडं द्यायचं, ती सगळी त्याच्या मागच्या कोठीत ठेवायची. वाईट दिवस आले की एकदम मोडायची, दाणे आणायचे, सगळ्यांनी वाटून खायचे. सगळी घरं हो म्हणेपर्यंत कोठी उघडायची नाही. कल्पना सोन्यासारखी होती हो! आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगेन, आणि म्हणूनच जास्त लागतं.

घरोघर फिरले मी. दादाच्या शब्दाला मान होता, पण उंबऱ्यावर बसून गळ घालायला बाईच लागते. आणि चिठ्ठीचपाटीचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. इतवारीच्या बाजारात भांडं घ्यायचं आणि तिथंच बसलेल्या माणसाकडून छिन्नीनं ठोकठोक करून नाव घालून घ्यायचं. लग्नकार्यात अख्ख्या गल्लीची भांडी एकत्र होतात, पण तिसऱ्या दिवशी ज्याचं भांडं त्याच्या घरी. नाव घातलेलं भांडं हरवत नाही, असं आमच्या सासूबाईही म्हणायच्या आणि आम्हीही म्हणत आलो. यमुनेनं तिची पितळी परात दिली. तिच्याकडे तेवढं एकच मोठं भांडं. "तू मागून राहिली म्हणून देते, गोदाक्का. दुसऱ्या कोणाले नसती दिली." मी माझा तांब्याचा हंडा दिला. तो आईला तिच्या आईनं दिलेला. त्यावर आईचं नाव, आणि त्याच्या खाली माझ्या लग्नात घातलेलं माझं.

पुढं ते दिवस आलेच. जवारी दुकानातून दिसेनाशी झाली. सगळ्या घरांचं एकमत झालं आणि आम्ही बाया भर दुपारी दादाच्या दारात गेलो. तो दारातच हात जोडून उभा राहिला. "सरकारनं नेली वं सारी भांडी. लढाईसाठी. शिपाई आले, उचलून घेऊन गेले... मी काय करू?"

सरकारला कोण विचारणार? बाया रिकाम्या हातांनी परतल्या. यमुनेचा नवरा मात्र चौकात बोलला, की शिपाई आलेले कोणी कसे पाहिले नाहीत? मी त्याच्या अंगावर गेले. माझा दादा खोटं बोलणार नाही, म्हणून मी माझ्या कुंकवाची शपथ घेतली. चारचौघांत, कपाळाला बोट लावून! त्या वर्षी यमुनेनं मंगळसूत्रातले सोन्याचे मणी मोडले. मला एका शब्दानं बोलली नाही.

दादाच्या चौदाव्याला वहिनीनं मला आत बोलावलं. तिच्यापुढं एक पत्र्याचा डबा होता. वरती ते काळे दगड, आणि खाली तांब्या-पितळेच्या बोटभर पट्ट्या. मी एक उचलली. यमुनेचं नाव. दुसरी उचलली, चौथ्या घरच्या काकूंचं. सगळ्या गल्लीची नावं होती त्यात, छिन्नीनं कापून काढलेली.

"भांडी मोडून त्यायनं खाणीचा लहानसा ठेका घेतला होता, वन्सं," वहिनी खाली मान घालून म्हणाली. "मले आता शेवटी सांगितलं. नुसता मुरूमच निघाला. पण नावं पाहा कशी जपून ठेवली त्यायनं... मन होतं हो त्यायले."

मन! शिपाई उचलून नेतात तेव्हा नावं कापत बसत नाहीत. इतवारीत कोणी भांडं ओळखू नये म्हणून कापली ती. दार लावून, एकेक नाव वाचून कापली असतील. माझं नाव त्याच ढिगात होतं. आईचं नव्हतं. मी विचारलं, तेव्हा वहिनीनं देवघरातून लाल फडक्यात गुंडाळलेली एक पट्टी आणून दिली. दोन नावांच्या बरोबर मधून त्यानं हंडा कापला होता. आई देवांत, आणि मी डब्यात. दादा रे, एवढा हिशोबी कधी झालास?

भांडी मी मागितली होती, म्हणून पट्ट्याही मीच परत केल्या. घरोघर गेले, प्रत्येकीच्या हातावर तिचं नाव ठेवलं आणि खरं काय ते सांगितलं. यमुनेकडे शेवटी गेले. तिनं पट्टी पदरानं पुसली, उजेडात धरली.

"नाव तर माह्यंच आहे, गोदाक्का," ती म्हणाली. "आता हे कशावर लावू वं?"

कुंकवाची शपथ मी आधीच खोट्यावर घालवून बसले होते.

माझ्या स्वयंपाकघरात हंड्याची घडवंची अजून तिथंच आहे. त्या दोन पट्ट्या मी तिच्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, वर आईची, खाली माझी. मध्ये काप दिसतो. पाणी मी आता मातीच्या माठात भरते. माठावर नाव घालता येत नाही, आणि वाईट दिवस आले तर तो कोणी विकतही घेत नाही. म्हणूनच दादानं माठ कधी मागितला नाही; त्याच्या हातून तेवढा एक वाचला.