मंगलाचं सातचं जेवण

अथाल गावच्या कारखान्यांत राबणाऱ्या खानदेशी पोरांच्या आया गावाकडे राहिल्या होत्या; इथे मंगलाची खाणावळ होती. तिच्या काळ्या मसाल्याच्या शेवभाजीनं नाकाडोळ्यांतून पाणी आलं की पोरं म्हणायची, "पोचलो शिरपूरला!" तीच भाजी मंगलाच्या छातीत मात्र आग लावायची. औषधाच्या दुकानदारानं कधीतरी पित्ताची एक कॅप्सूल दिली, आग विझली. मग ती रोज सकाळी अनशापोटी घ्यायची आणि वर चहा प्यायची. अशी किती वर्षं गेली, तिलाही आठवत नव्हतं.

आताशा तळपायांना मुंग्या यायच्या, पोटऱ्यांत गोळे उठायचे. एकदा भाताचं पातेलं उतरवताना पायच बधिर झाला आणि ती जेमतेम सावरली. खाणावळ उभ्यानं चालते. पाय गेले तर सगळंच गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. "त्या कॅप्सूलनं बी-ट्वेल्व्ह किती कमी झालंय, म्हणून पाय बधिर होतात! कॅप्सूल अशी वर्षानुवर्षं न विचारता घेतात का? आता एकदम तोडू नका, हळूहळू कमी करू. उशाकडून खाट उंच करा, तिखट सोडा आणि रात्रीचं जेवण सातला म्हणजे सातला."

विटा आणून नारायणनं, तिच्या नवऱ्यानं, त्याच दिवशी खाट उंच केली. शेजारच्या चिमाबाईनं ओवा आणून दिला, थंड दूध सुचवलं, तेही झालं. तिखट मंगलानं स्वतःपुरतं सोडलं. घोडं अडलं ते सातपाशी. दुसऱ्या पाळीची पोरं अकरानंतर जेवायला यायची आणि नारायणही त्याच पाळीला कामाला. पंगत उठल्याशिवाय वाढणारीनं घास घ्यायचा नाही, हे आईनं तिला भाकरी थापायला शिकवायच्या आधी शिकवलेलं.

तरी एका संध्याकाळी ती हिय्या करून ताट घेऊन बसली. वरण-भाताचे दोन घास गेले असतील नसतील, तोच सुट्टीवर असलेला समाधान नावाचा पोरगा दारात उभा.

"काय काकू, आज आमच्या आधीच बसल्या का?"

बिचारा गमतीनं बोलला. पण मंगलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ताट झाकून ठेवलं, हात धुतले आणि त्याला वाढलं. पुन्हा ती सातला कधी बसली नाही.

कॅप्सूल कमी झाली तशी जळजळ दुपटीनं उसळली. ती नारायणला घेऊन परत दवाखान्यात गेली.

"सातला जेवता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो बाई. सातलाच."

नारायण खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिला.

"वेळ पाळूनही त्रास होतोय, म्हणजे माझाही नाइलाज आहे. कॅप्सूल पुन्हा रोज घ्या. पायांसाठी इंजेक्शनं देते."

बाहेर आल्यावर नारायण म्हणाला, "खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? एवढ्यांना जेवू घालते आणि स्वतःच्या पोटात वेळेवर दोन घास पडत नाहीत, हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्या रात्रीही नारायण जेवून उठला, मगच ती पानावर बसली.