छावणीची यादी आणि सतरा पाहुणे

दुष्काळात गवत उगवत न्हाई, किस्से मात्र लई उगवतात. घाटनांदूरजवळ आमच्या सोसायटीची चारा छावणी होती. जनावरं रवंथ करायची, आमी गप्पा हाणायचो. माझी शाळा चौथीपर्यंत. पटलं तर ऐका, न्हाईतर उठा!

वरून हुकूम आला. प्रत्येक जनावराचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा नंबर अन् मालक, अशी यादी कंप्युटरवर सोमवारपर्यंत द्या, न्हाईतर चाऱ्याचा ट्रक बंद! चेअरमन अण्णांनी पुतणीला, सुनंदाला, पुण्याहून बोलावलं. ती प्रोग्राम लिहिते.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर लाल अक्षरं.

"कंपाईल होईना, आबा. म्हंजे मी लिहिलेलं मशीनला कळंल असं बनेना. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड लागतोय. त्याला लायब्ररी म्हणतात. ती इथं न्हाई."

"दुसऱ्याचं कावून? सोताचं लिही की!"

"तुमच्या अंगातला सदरा तुमी विणला का?"

मी तंबाखू मळायला घेतली.

*

एक लायब्ररी आणावी, तर ती दुसरी मागायची. दुसरी तिसरी.

"अजून किती?" अण्णा.

"सतरा, काका."

"एका जावयाला जेवायला बोलावलं, अन् सगळी भावकी पंगतीला!"

*

रेंज फक्त रिकाम्या टँकरवर चढलं की यायची. सुनंदा लॅपटॉप घेऊन वर जाऊन बसली. आता टँकरवर माणूस दिसला म्हंजे पाणी सुटणार! वस्तीवरच्या बायांनी दहा मिनिटांत हंड्यांची रांग लावली.

"पाणी न्हाई, मावशी! लायब्ररी उतरवतेय!"

पुढची म्हातारी जागची हलली न्हाई. "उतरव. पैला नंबर माझा हाय."

*

"ह्या लायब्रऱ्या विकत मिळतात का गं?" अण्णांनी विचारलं.

"फुकट. जगभरची माणसं मिळून लिहितात, मिळून वापरतात."

"म्हंजे सोसायटीच की! चेअरमन कोण?"

"आमच्या ह्या लायब्ररीला कुणीच न्हाई."

"अन् तरी काम होतं?"

अण्णांनी चेअरमनची खुर्ची जरा आपल्याकडं ओढून घेतली.

*

रविवारी सकाळी एकदाचा प्रोग्राम कंपाईल झाला. यादी छापली, तर नावांच्या जागी नुसते चौकोन! सोमवार उद्यावर. अण्णा उरलेल्या चाऱ्याच्या पेंढ्या मोजायला लागले. अक्षरं छापायची लायब्ररी ज्यानं लिहिली, त्याला सुनंदानं लिहिलं. कुठल्या तरी थंडीच्या मुलखातला माणूस. त्याचं उत्तर आलं: मला तुमची अक्षरं येत नाहीत, एखादं नाव पाठवा.

तिनं माझ्या गाईचं पाठवलं.

सोमवारी सकाळी दुरुस्त केलेली लायब्ररी आली. पुन्हा कंपाईल. सगळी नावं ठळक उमटली. यादी गेली, अन् दुपारी ट्रक छावणीत!

सुनंदा म्हणली, "आबा, हे बघा. त्यानं आत एक तपासणी कायमची घातलीय. इथून पुढं लायब्ररीत काय बी बदल केला, की आधी एक नाव छापून बघणार. नीट उमटलं, तरच ती जगाला देणार."

मी चष्मा लावला. सगळं इंग्रजी, अन् मधोमध एकच मराठी शब्द. चंद्री.

मी उठलो, दावणीला गेलो, अन् तिच्या कानात सांगितलं. तिनं कान झटकला, अन् परत वैरणीत तोंड घातलं.