साहेबांवरची वही

ओमानमधल्या सहम गावच्या आमच्या गोदामातला स्टोअरकीपर जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरसाहेबांवर टिंगलीच्या कविता वाचायचा, आणि त्याही त्यांच्यासमोरच. ते नसले की वही बंद. वाचताना चेहरा मात्र मालाची यादी वाचल्यासारखा. सगळ्यात मोठ्याने मी हसायचो.

एकोणिसाव्या शतकातला दक्षिण अमेरिकेतला कुणी कवी त्याला एका पुस्तकात सापडला होता. "तो राज्यकर्त्यांना सोलून काढायचा, पण ते गादीवर असेपर्यंतच," हे तो गावच्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगायचा.

तेलाचे भाव पडले त्या वर्षी साहेबांची नोकरी गेली. निरोपाला आम्ही कवितेचा आग्रह धरला. त्याने त्यांच्यावरची सगळी पानं फाडली, "खलास" म्हणाला आणि त्यांची बॅग उचलून गाडीपर्यंत गेला.

त्यांच्या खुर्चीत मला बसवलं. सहा महिने वही उघडलीच नाही. शेवटी मीच विचारलं, "माझ्यावर काही नाही का रे?"

"साहेब, तुम्ही प्रत्येक कागदावर मस्कत ऑफिसला विचारून सही करता," तो म्हणाला. "कविता त्यांच्यावर करावी लागेल. आणि ते इथे जेवायला कुठे येतात?"